गोखिवऱ्याच्या गाळ्यातला बाक

मी बाक बोलतोय. शाळेतला नव्हे, बागेतला नव्हे. गोखिवऱ्याच्या एका कारखान्याच्या गाळ्यातला, कामगार बायांचा बाक. आधीच सांगतो, मी कुणाची माफी मागायला तोंड उघडलेलं नाही.

माझा जन्म नंदाखाल गावचा. सागवानी फळी, चार जाड पाय. तीस वर्षं मी तिथल्या चॅपेलमध्ये होतो. माणसं माझ्यावर बसून प्रार्थना करायची, प्रवचन लांबलं की डुलक्याही काढायची. नवे बाक आले आणि मला बाहेर काढलं. तेव्हा त्याच गावच्या रेजिनाने मला मागून घेतलं आणि भाऊ थॉमसच्या टेम्पोत घालून आपल्या कामावर, या गाळ्यात आणलं.

इथे विजेचे स्विच जोडतात. लांब टेबलाशी पाच बाया. चिमट्याने इवलीशी स्प्रिंग बसवायची, झाकण दाबायचं, पुढे सरकवायचं. जुने मालक दिनानाथशेठ मला पाहून एवढंच म्हणाले, "बरं केलंस रेजिना. आमच्या घरीसुद्धा भाजी बसूनच निवडतात."

शेठ थकले, मुलगा देवेश आला. शिकलेला, हुशार. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "बसलं की हात मंदावतात." झालं! माझी रवानगी मागच्या पत्र्याखाली, रिकाम्या खोक्यांशेजारी. माझ्या जागी भिंतीवर डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र लागलं. रोज सकाळी पाच मिनिटं टाळ्या, म्हणे उत्साह वाढतो. वाढदिवसाला केक.

केक बायांनी आवडीने खाल्ला. पण दुपारनंतर बाद माल वाढत चालला. "तुम्ही मन लावून काम करत नाही," देवेश चिडायचा.

चहाच्या सुटीत जूचंद्र गावची, पाचजणींतली राधिका माझ्यावर येऊन टेकायची, पोटऱ्या चोळायची. "मावशी, चिमटा धरला की हात थरथरतो गं."

"हात नाही पोरी, पाय थरथरतात," रेजिना म्हणाली. "हात बिचारे वर आहेत म्हणून दिसतात." मग उठून म्हणाली, "धर त्या टोकाला."

दोघींनी मला उचलून सरळ आत आणलं. बाया बसल्या आणि काम सुरू झालं.

देवेश धावत आला. "हे काय? बाहेर न्या आधी!"

"नाही नेणार, सर."

"मग ज्यांना बसायचंय त्यांनी घरीच बसा!"

राधिका अर्धवट उठली. तिच्या पगारावर घर चालतं. रेजिनाने तिला धरलं नाही. "तुझं तू ठरव," एवढंच म्हणाली.

राधिका पुन्हा बसली. चांगली ऐसपैस बसली.

"सर, उद्या तुम्ही आमच्या रांगेत उभे राहा," रेजिना म्हणाली. "सकाळपासून काम सुटेपर्यंत. तुमचा माल आमच्याइतका चांगला निघाला, तर हा बाक मीच फोडून चुलीत घालते."

मी दचकलो. मग म्हटलं, होऊन जाऊ दे!

देवेशही हट्टी. दुसऱ्या दिवशी खरंच उभा राहिला. जेवणापर्यंत हात झरझर चालले. तीननंतर तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागला. स्प्रिंगा चिमट्यातून उडू लागल्या. राधिकाने तपासून त्याचे अकरा स्विच परत त्याच्यापुढे ठेवले.

पाचच्या सुमारास तो माझ्या कडेला टेकला. कुणी हसलं नाही. रेजिना जरा सरकली आणि त्याला नीट बसायला जागा झाली.

चूक त्याने आजवर कबूल केलेली नाही. पण त्याच आठवड्यात दोन स्टुलं आली, आणि दुपारचा बाद माल उतरला. पाहुण्यांना तो सांगतो, ही बसण्याची योजना माझीच. बाया एकमेकींकडे बघून गालात हसतात. सांगू दे. मला नाव नको, जागा हवी होती. ती मी सोडणार नाही.

माझा एक पाय आता चिरलाय, त्याला लोखंडी पट्टी मारली आहे. मोडेन तेव्हा मोडेन, पण आतच मोडेन. तुमच्याकडे दिवसभर उभी राहणारी माणसं असतील, दुकानात, दारावर, यंत्रापाशी, तर टाळ्या राहू द्या. त्यांना टेकायला जागा द्या. नाही दिलीत, तर एवढं लक्षात असू द्या: बाक उचलायला दोघीच पुरतात.