दाबाचं मीटर

न्याय करणाऱ्याचं मन डोंगरासारखं अढळ असावं लागतं, असं म्हणत हाजी मुतलक पिकअपच्या पुढच्या बंपरवर टेकले आणि बंपरचं डावं टोक सुटून वाळूत गेलं. हाजीही त्याच्यामागून जायचे, पण सत्तामनं त्यांना काखेत धरून सावरलं, त्यांचा लाल चौकड्यांचा रुमाल डोक्यावर नीट बसवला आणि गॅरेजमधली एकुलती एक खुर्ची ओढून आणली.

बॉनेटखालून शतेवीचा आवाज आला.

"हाजीकाका, बंपरही मीच बिघडवला म्हणून टाका. सगळं एकदमच होऊन जाऊ दे."

"बंपरबद्दल मी एक अक्षर तरी बोललो का, विचारा त्याला," सत्ताम म्हणाला.

दोघांमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं. दोघं सख्खे चुलतभाऊ, आणि वसंत सरल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते हाजींच्या मार्फत. हाजी सुरुवातीला प्रत्येक वाक्य इमानानं पलीकडे पोचवत होते. आता नुसती मान वळवत होते.

भांडण इंजिनाचं होतं. हिवाळ्यात शतेवीनं सत्तामच्या पिकअपचं इंजिन खोलून पुन्हा बांधलं होतं आणि वसंतात ते ठकठक करायला लागलं. सत्ताम म्हणाला, बेअरिंग चुकीचे बसवलेत, ऑइलला दाबच उरलेला नाही. शतेवी म्हणाला, इंजिन नवं आहे, कान जुने झालेत. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा याचा निकाल लावू शकला असता. पण तो कधीचाच गेलेला होता, आणि त्याचं न लागणं ही दोघंही आपापल्या बाजूची साक्ष म्हणून सांगत फिरत होते. शेवटी सत्तामनं अम्मानहून वेगळं मीटर मागवलं. खोक्यात एक गोल तबकडी, पितळेचा जोड आणि बारीक लांब नळी.

मग प्रश्न आला, बसवणार कोण? मआनमध्ये मिस्त्री होते, पण ते परक्या टोळीचे. घरच्या माणसानं केलेलं काम परक्याकडून तपासून घेणं ही कल्पनाच थोरांना सहन होईना. तेव्हा ज्याच्यावर आरोप, त्यानंच पुरावा बसवावा असं सर्वानुमते ठरलं, आणि यात काही वावगं आहे असं अल-जफर गावात कुणालाही वाटलं नाही. शतेवीला सोडून. त्यानं साफ नकार दिला. मग हाजी चौघांना घेऊन त्याच्या घरी गेले, बैठकीवर बसले, हातात आलेला कॉफीचा पेला त्यांनी न पिता सतरंजीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. पाहुण्याचा पेला भरलेला असताना यजमानाला नाही म्हणता येत नाही. कॉफी निवून तिच्यावर वेलदोड्याचा तवंग आला.

"प्या, काका," शतेवी अखेर म्हणाला होता. "बसवतो. पण दाब नीट निघाला, तर त्यानं चूक कबूल म्हणून याच चौघांसमोर माझ्या डोक्याचं चुंबन घ्यायचं. नाही निघाला, तर इंजिन उतरवून पुन्हा बांधीन आणि त्याचं मी घेईन."

सत्ताम हो म्हणाला. तेव्हापासून त्याला एकच धास्ती होती, इंजिन चांगलं निघण्याची. रोज याच पिकअपमधून तो वाळवंटातल्या मेंढ्यांना पाण्याची टाकी नेत होता. गाडी वाटेत बंद पडली असती तर मेंढ्या तडफडल्या असत्या. तरी रोज सकाळी किल्ली फिरवून तो कान देऊन बसायचा, आणि ठकठक ऐकू आली की त्याच्या जिवाला बरं वाटायचं.

"त्याला सांगा, टॉर्च नळीवर धर. माझ्या तोंडावर काय मारतोय," शतेवी म्हणाला.

हाजींनी मान वळवली. सत्तामनं टॉर्च खाली नेला, पण सावकाश. शतेवीच्या डोळ्यांवरून नेत नेत.

शतेवीनं फिल्टरजवळचा, लाल दिव्याचा जुना स्विच पान्ह्यानं काढला. काळं ऑइल त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. पितळी जोडाच्या आट्यांवर तो पांढरी टेप गुंडाळू लागला.

"टेप उलटी तर नाही ना गुंडाळत, विचारा."

"लोकर कुठल्या बाजूनं कातरायची हे मी त्याला कधी शिकवायला गेलो नाही, सांगा."

"शिकवायला पदरी मेंढ्या लागतात. बापानं ठेवलेल्या होत्या, त्या राखता आल्या नाहीत याला."

"हे मी सांगणार नाही," हाजी म्हणाले.

"मी ऐकलंय," शतेवीनं हाजींना सांगितलं आणि पान्हा गरजेपेक्षा जोरात आवळला.

भिंतीलगतच्या बाकावर ते चौघं साक्षीदार सेजच्या सुगंधी पानांचा चहा पीत बसले होते. त्यांतला अबू घैस म्हणाला, "माझ्या मेव्हण्याच्या गाडीला असलंच मीटर होतं. गाडी जळली. मीटर राहिलं."



नळी आत नेण्यासाठी शतेवीनं ड्रिल लावलं. पत्रा किंचाळला आणि सत्तामचे खांदे कानांपर्यंत गेले.

"माझ्या गाडीला भोक पाडायचं मी कधी बोललो होतो, विचारा."

"मग नळी काय, सलाम करून दारातून येणार आत?"

तबकडी डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या उजवीकडे बसली. हाजींनी चष्मा लावला आणि किती आकडा आला म्हणजे काय, हे आत्ताच सर्वांसमोर सांगायला लावलं.

"इंजिन गरम आहे," शतेवी म्हणाला. "नुसतं चालू ठेवलं की वीसच्या वर काटा हवा. वीसच्या खाली आला, तर चूक माझी."

"वीस," चौघांनी एकमेकांना सांगितलं.

गाडी सत्तामची, म्हणून किल्लीवर तो बसला. नळी कुठे गळते का ते बघायला शतेवी इंजिनापाशी थांबला. सत्तामनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, नेहमीसारखं ठकठकलं. काटा शून्यावरून उठला आणि झपकन चाळीसवर जाऊन उभा राहिला.

सत्तामनं त्याच्याकडे पाहिलं. पंधरा म्हणावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण तोवर खिडकीतून हाजींचं डोकं आत आलं होतं.

"चाळीस," हाजींनी जाहीर केलं.

शतेवीनं हातानंच इंजिनाला वेग दिला. गॅरेजचा पत्रा थरथरला.

"आता?"

"चाळीस."

त्यानं आणखी वेग दिला. धूर बाकापर्यंत गेला; अबू घैसनं चहावर हात धरला.

"आता किती?"

"चाळीसच. हलत नाही जागचा," हाजी खुलून म्हणाले. "माणसानं असं असावं."

इंजिनाचा आवाज खाली बसला.  शतेवी हात पुसत खिडकीपाशी आला.

"त्याला उतरायला सांगा."

सत्ताम उतरला. शतेवी आत बसला, त्यानं दार ओढून घेतलं, तबकडीवर बोटानं टिचकी मारली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग तो तसाच आत बसून राहिला. बाकावरचे चौघं पेले ठेवून उठले होते. सत्ताम गॅरेजच्या मधोमध उभा होता आणि हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

शतेवी बाहेर आला आणि दाराला पाठ लावून, खिडकी झाकून उभा राहिला.

"झालं. गाडी घेऊन जा घरी," तो सरळ सत्तामलाच म्हणाला. "आणि ते डोक्याबिक्याचं राहू दे. आपण घरचीच माणसं."

हाजींना गहिवरून आलं. "बघा रे," ते चौघांना म्हणाले, "हातात आलेलं सोडून देतोय."

"मोठं मन," अबू घैस म्हणाला.

सत्तामच्या कानशिलांत रक्त चढलं. चुंबनाची त्यानं मनाशी तयारी केली होती. माफीची केली नव्हती. चुंबन घेतलं की हिशेब मिटत होता. ही माफी मात्र आता प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत त्याच्याआधी जाऊन बसणार होती. शतेवीनं सोडलं त्याला, लोक म्हणणार होते.

"त्याला सांगा, मला कुणाचे उपकार नकोत."

"अरे, राहू दे म्हणतोय ना मी."

"मी शब्द दिलाय."

"मी सोडला तुझा शब्द."

"माझा शब्द सोडणारा तू कोण?"

हाजींची मान दोन्हीकडे वळून थकली; तिला आता काही काम उरलं नव्हतं. सत्ताम पुढे आला. शतेवीला मागे सरकायला जागा नव्हती. सत्तामनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून खाली ओढलं आणि भांडणात मारावा तसा त्यावर ओठांचा ठोसा मारला. ऑइलचा आणि घामाचा वास आला.

"झालं," तो म्हणाला. "आता बोल."

 कॉफी आली तेव्हा ती ओतताना शतेवीनं पहिला पेला सांडला. चौघांनी त्याची फार स्तुती केली. तो एकाच्याही डोळ्याला डोळा देईना.

हाजींना घरी सोडायचं होतं. सत्ताम ताठ मानेनं गाडीत बसला. मीटरकडे त्यानं पाहिलं नाही. जे बघायचं ते बघून झालं होतं. बंपर काढून मागच्या हौद्यात टाकला होता, तो खड्ड्याखड्ड्याला वाजत होता. सपाट रस्ता लागला तसा तो गप्प झाला, आणि मग दुसरा आवाज ऐकू येऊ लागला.

"ही ठकठक कसली रे?" हाजींनी विचारलं.

"कसली ठकठक, काका?"

हाजींनी थोडा वेळ कान दिला, मग सत्तामच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांना त्यांच्या दारात उतरवून सत्ताम आपल्या अंगणात आला, पाण्याच्या टाकीशेजारी त्यानं गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली. उतरता उतरता त्याची नजर खाली गेली.

काटा अजून चाळीसवरच होता.