न्केंगेचा मुलगा

"आज ते गवती कापड नको, सॅम्युएल. काळा कोटच राहू दे अंगात," रेव्हरंड प्यू म्हणाले.

लुकोकीचा हात गाठोड्यावरच थांबला. १८८९चा जानेवारी होता आणि चर्चच्या मागच्या खोलीच्या भिंती थंडीने ओलावल्या होत्या. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या या गावात तो सुतारकाम आणि बायबल शिकत होता, त्याचा हा तिसरा हिवाळा. बाप्तिस्म्याचं नाव सॅम्युएल. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये, विजारीवरून काँगोचं गवती कापड गुंडाळून, तो आपल्या भाषेत भजन म्हणून दाखवी. लोक ते कापड बघायलाच येत. मग आज का नको?

"बस जरा," प्यू म्हणाले. "तुझी आई गेली."

काँगोहून नुकत्याच परतलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना सांगितलं होतं. गावात कुजबुज सुरू झाली होती. न्केंगेचा मुलगा समुद्रापार गेला, म्हणजे मेलेल्यांच्या मुलखात गेला. तिथून कोण परत आलंय? आईनेच चेटूक करून त्याला विकला. शेवटी तिला साल पाजली.

पुढचं प्यूंना सांगावं लागलं नाही. चेटकीण ओळखायला एका झाडाची विषारी साल उगाळून पाजतात. ओकून पडली तर बाई निर्दोष, नाही तर चेटकीण. लहानपणी त्याने एका म्हातारीला पाजताना पाहिलं होतं. तिच्या टाचा मातीत कशा घासत होत्या, ते त्याला अजून आठवत होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी. तेव्हापासून तुझ्यासाठी प्रार्थना करतोय मी." प्यूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात खरीखुरी माया होती, आणि तीच पंचाईत होती. "आज तूच सांग लोकांना. तिकडे अंधारात माणसं काय करतात, ते तुझ्या तोंडून ऐकतील तर दगडालाही पाझर फुटेल."

बाहेर चर्चमध्ये बाकं गच्च भरली होती. रीत ठरलेली होती. लुकोकी इंग्रजीत बोले आणि प्यू प्रत्येक वाक्य वेल्शमध्ये करून सांगत. गावातल्या बहुतेकांना इंग्रजी येत नसे.

"माझ्या आईचं नाव न्केंगे," तो म्हणाला. प्यूंनी सांगितलं.

"ती बाजारात कसावाच्या कंदाच्या भाकरी विकायची. मला मिशनच्या शाळेत तिनेच घातलं. मामा नको म्हणत होता, तरी घातलं."

प्यूंनी तेही सांगितलं. पुढच्या बाकावरच्या बायकांनी रुमाल काढले.

"इथे आल्यापासून मी दर वर्षी मिशनकडे निरोप देत होतो. माझ्या आईला सांगा, मी जिवंत आहे." लुकोकी आता लोकांकडे नाही, प्यूंकडे बघत होता. "तो निरोप कुणी तिच्यापर्यंत नेला का?"

प्यूंनी हे वाक्य वेल्शमध्ये सांगितलंच नाही. लोक वाट बघत होते. कुणीतरी खोकलं. शेवटी प्यूंनी भजनाचा आकडा पुकारला आणि सगळे उठून उभे राहिले.

लुकोकी राहायचा मार्गेडबाईंच्या घरी. बाई विधवा, साठीच्या पुढच्या, तोंडाने फटकळ. ऐन उमेदीत त्यांनी इंग्रजांच्या घरी स्वयंपाक केलेला, त्यामुळे चर्चमध्ये जे घडलं ते त्यांना शब्दन् शब्द कळलं होतं. दुसऱ्या दिवशी प्यू आले तेव्हा त्या पीठ मळत होत्या.

"मला घरी जायचंय," लुकोकी म्हणाला.

"तुझी छाती बघ कशी वाजतेय," प्यू म्हणाले. "डॉक्टर प्रवास नको म्हणतात. शिक्षणही अर्धवट राहील. आणि तिकडे आता तुझं आहे कोण?"

"जी साल प्यायली ती नाही. ज्यांनी पाजली ते आहेत."

"सुडाची भाषा तुझ्या तोंडी शोभत नाही, सॅम्युएल."

"सूड नाही, साहेब. त्यांना मी दिसायला हवा. जिवंत. मी जिवंत असेन तर ती चेटकीण कशी?"

"मिशनचं मंडळ परवानगी देणार नाही."

मार्गेडबाईंनी पिठाचे हात पुसलेसुद्धा नाहीत. "देईल की. आणि नाही दिली, तर पुढच्या रविवारी मी उभी राहीन. पोराने काल काय विचारलं ते आपल्या भाषेत सांगेन. त्याच्या पुढच्या रविवारीही. तुम्हाला जमलं नाही ना सांगायला? मी सांगते."

"बाई, तुम्ही चर्चचा अपमान करताय."

"बसा, चहा घ्या," त्या म्हणाल्या.

वसंतात त्याला बोटीवर बसवून दिलं. वाटेत तो रोज प्रार्थना करी. देव त्याने सोडला नव्हता, फक्त आता तो देवाशी आईच्या भाषेतच बोलत असे. बायबलमधली, कबरीतून उठून आलेल्या माणसाची गोष्ट प्यू फार रंगवून सांगत. पण तो माणूस घरी परतल्यावर शेजारी त्याच्याशी कसे वागले, ते त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

गावाच्या वेशीवर त्याला बघून बायका डोक्यावरचं पाणी टाकून पळाल्या. मामा कियाला अंगणात चटई विणत होता. तो पळाला नाही, पण त्याने मानही वर केली नाही.

"मामा, मी आलो."

"आमचा लुकोकी मेला. त्याचा न्यायही झाला."

"माझा हात धरून बघ. गरम आहे. तापच आहे त्यात."

कियालाने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"तू जिवंत आहेस असं मी म्हटलं," तो हळूच म्हणाला, "तर मग मी बहिणीला काय केलं, तेही मला म्हणावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही. जा, पोरा."

पोरा हा शब्द त्याच्या तोंडून निसटला होता. दोघांनाही तो ऐकू आला. पण कियाला उठून घरात गेला आणि दार लावून घेतलं.

न्केंगेची कबर नव्हती. चेटकिणीला माती देत नाहीत. तिला घळीत टाकलं होतं आणि मध्ये दोन पावसाळे होऊन गेले होते.

चौथ्या दिवशी बाजार भरला. मोठ्या झाडाखाली, जिथे न्केंगे भाकरी मांडून बसायची, ती जागा रिकामीच होती. तिथे बसायला कुणी धजलं नव्हतं. लुकोकी तिथे जाऊन बसला. विकायला त्याच्याजवळ काही नव्हतं. लोक वळसा घालून जात होते. त्याला ऊन लागत होतं, घाम येत होता, मधूनच खोकल्याची उबळ येत होती. त्याने काहीच लपवलं नाही. पुढच्या बाजारालाही तो बसला. त्याच्या पुढच्यालाही.

त्या दिवशी एक म्हातारी सुनेचा दंड धरून चालली होती. तिला नीटसं दिसत नव्हतं.

"न्केंगेच्या जागी कोण खोकतंय गं?"

"चला ना, आई."

"कोण आहे विचारलं मी."

सुनेने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिचा मुलगा."

म्हातारी थांबली. तिने डोक्यावरची टोपली उतरवून जमिनीवर ठेवली. सून पुन्हा पुन्हा हात ओढत होती, पण म्हातारी तिथेच उभी राहून त्याचा खोकला ऐकत राहिली.