न रडणाऱ्यांच्या चांदण्या

बाईंच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बालवर्गाच्या अंगणात बाई ढब्बूच्या गुडघ्यावरची माती फुंकत होत्या. गडी घसरगुंडीवरून थेट जमिनीवर आपटला होता. ओठ थरथरत होते, नाक लाल झालं होतं, पण त्यानं हूं की चूं केलं नाही.

"शाब्बास. सांगा पाहू, शूर कोण?"

"जो रडत नाही तो," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाईंनी सोनेरी कागदाची चांदणी ढब्बूच्या खिशाला टाचली.

हा धडा पुस्तकात नव्हता. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेली माणसं जाता जाता म्हणाली होती, बाई मोठी धीराची, डोळ्यांतून टिपूस नाही. मुलगी चार दिवस राहून सासरी परतली. बाई शाळेत हजर झाल्या आणि स्वतःला जे जमलं तेच पोरांना शिकवू लागल्या. घरी गेल्यावर त्या आधी रेडिओ लावत. ऐकायला नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. जेवताना ताट ओट्यावरच ठेवत आणि उभ्यानं जेवत.

पिटुकली वर्गात सगळ्यांत लहान, पण तिच्या फ्रॉकवर चांदण्या सगळ्यांत जास्त. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता भिंतीला टेकून बसली.

"काय गं, भूक नाही?"

तिनं मान हलवली.

"दुखतंय का कुठं?"

पिटुकलीनं एक हात चांदण्यांवर ठेवला आणि पुन्हा मान हलवली. बाईंनी तिच्या गालाला हात लावून पाहिला असता तरी कळलं असतं. पण तेवढ्यात दोन मुलांची मारामारी जुंपली, बाई तिकडे धावल्या. दुपारी पिटुकली चटईवर आडवी झाली ती उठेचना. अंग तव्यासारखं तापलं होतं.

पोटातलं अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले.

"वाचली पोर. पण एक-दोन दिवस तरी दुखत असणार हिला. कुणाला काही बोलली नाही?"



दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दवाखान्यात गेल्या. पिटुकलीची आई दाराशीच उभी होती.

"शुद्धीवर आल्या आल्या काय विचारलंन माहितीय? मी झोपेत रडले का गं? बाईंना सांगू नकोस." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "झोपलीय ती. तुम्ही आत नका जाऊ."

बाई तिथून शाळेत आल्या. उरलेल्या चांदण्या त्यांनी चुरगाळून टाकल्या आणि मुलांना गोल करून बसवलं.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. दुखलं की सांगायचं. जो सांगतो, तो शूर."

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. एकदा डोक्यात भरवलेलं इतक्या सहज निघतंय होय.

"म्हणजे पिटुकली हरली?" ढब्बूनं विचारलं.

"नाही रे. हरले ती मी."

"पण तुम्ही तर कधीच रडत नाही."

"माझी आजी म्हणते, बाई दगडाच्या आहेत," एक मुलगी म्हणाली. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. "आजीच म्हणते, मी नाही."

बाई हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यावरच अडकलं. फळ्याकडे वळून काहीतरी लिहायला घेता आलं असतं. हातात खडूही होता. तो खाली ठेवून त्या मुलांमध्ये चटईवर बसल्या.

"मलाही दुखतं," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

बाईंनी हात गळ्याशी नेला, मग छातीशी, मग तो मांडीवर येऊन पडला. ढब्बू सरकत सरकत जवळ आला आणि तो हात नीट उलटापालटा करून पाहू लागला. त्यावर खरचटल्याची खूण काही सापडेना.

"सांगा ना," तो म्हणाला. "सांगायचं असतं."

बाहेर दुसऱ्या वर्गाची पाढे म्हणायची वेळ झाली होती. पाढे थांबल्यावर बाईंनी ढब्बूचा हात हातात घेतला.

"माझे यजमान वारले," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलीचं लग्न झालं ना, त्याच्या पुढच्याच मंगळवारी. सकाळी."