त्या दिवशी भोंग्याला ताप होता

मित्रांनो, दचकू नका, मी वाजणार नाही! मी एक जुना, मुका हॉर्न आहे. बशीएवढा, पोटाला गंज चढलेला. सध्या मुक्काम खिडकीच्या कठड्यावर, निवडुंगाच्या कुंडीशेजारी.

कारखान्यातून निघालो तेव्हा काय आवाज होता माझा! गाडीच्या जाळीमागे मला बसवलं आणि पहिल्याच दाबाला असा कडाडलो, की भिंतीवरची मांजर थेट पलीकडच्या अंगणात! आमचे मालक, म्हणजे बाबा, शेजाऱ्यांना ऐकवायला मला उगाचच दोनदा वाजवायचे. मीही फुशारून जायचो.

मग एकदा गाडी साचलेल्या पाण्यातून गेली आणि माझा घसा बसला तो बसलाच. गॅरेजवाले काका म्हणाले, "हॉर्न गेलाय साहेब, बदलून टाका."

"बघू पुढच्या वेळी," बाबा म्हणाले.

ती पुढची वेळ काही उजाडली नाही. कारण बाबांना फुकटचा हॉर्न मिळाला होता! मागच्या सीटवर त्यांची धाकटी लेक बसायची. आवाज इतका खणखणीत, की घरात तिचं नावच भोंगा. बाबांनी बटण दाबलं की ही खिडकीतून ओरडायची, "पों! पों पोंऽऽ!" माणसं हसत हसत बाजूला व्हायची. मलाही हसू यायचं हो.

आणि एके सकाळी भोंग्याला ताप आला.

बाबा एकटेच निघाले. वळणावर समोर टपालवाल्या मावशी सायकलवर होत्या, पाठमोऱ्या. गाडीत सगळ्यात पुढे मी, म्हणून मीच त्यांना सगळ्यात जवळून पाहिलं. खांद्यावरची पिशवी, अंबाड्यातून निसटलेली पिन. बाबांनी ब्रेकच्या आधी सवयीने बटण दाबलं. मागून कुणीच ओरडलं नाही. धडकेत वाजली ती मावशींच्या सायकलची घंटी. एकदाच. ट्रिंग.

ती मला अजून ऐकू येते.

मावशींचा गुडघा चुरला. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला, तर बाबांचे वकील म्हणाले, "हॉर्न वाजवला होता. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या बाजूला झाल्या नाहीत. चूक त्यांचीच. हॉर्न बिघडला तो धडकेत." बाबा मूग गिळून बसले.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. तिथे वाहन निरीक्षक आमची पाहणी करायला आले. दोन्ही बाजूंचे वकील आले, मावशी कुबड्यांवर आल्या.

"मावशी, हळू बोलू की ओरडून?" एक हवालदार चेष्टेने म्हणाला.

मावशी हसल्या नाहीत. निरीक्षकांना म्हणाल्या, "वाजलाही असेल साहेब. आता मला घरात बसल्याबसल्याही हॉर्न ऐकू येतो. दचकून भिंतीला चिकटते मी."

मित्रांनो, मी वाजलोच नव्हतो, आणि त्यांच्या कानांत मात्र वाजत होतो!

बाबांबरोबर भोंगाही आली होती. सवयीने मागच्या सीटवर चढून बसली.

"कसा वाजवला, दाखवा बरं," निरीक्षक म्हणाले.

बाबांनी बटण दाबलं.

"पों! पों पोंऽऽ!"

निरीक्षकांनी मागच्या खिडकीत डोकावलं.

"हे काय गं?"

"हॉर्न!" ती म्हणाली. "बाबांनी दाबलं की मी ओरडायचं. आमचं ठरलंय कधीपासूनच."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मला ताप होता."

"लहान पोर आहे, काहीही..." बाबांचे वकील पुढे सरसावले. बाबांनी त्यांना हातानेच थांबवलं. "खरं बोलतेय ती. हॉर्न आधीपासूनच बंद होता."

मावशींनी दोन्ही कान चाचपले. "म्हणजे हे शाबूत आहेत तर," एवढंच म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

दाव्याचा निकाल मावशींच्या बाजूने लागला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडीला नवा हॉर्न आला आणि मला भोंग्याने मागून घेतलं. पण ती आता ओरडत नाही. माझ्या तोंडाला तोंड लावून कुजबुजते, "त्या दिवशी मी गाडीत असते तर?"

मी काय सांगणार? मी मुका.

परवा मावशी टपाल घेऊन आल्या, पायी, काठी टेकत. भोंगा पडद्याआड लपून तेच पुटपुटत होती. मावशींनी ऐकलंच, कान शाबूत ना त्यांचे! खिडकीतून हात घालून त्यांनी तिची वेणी ओढली. "अगं वेडे, वाजणं हे तुझं काम नव्हतं!"

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काही मुकं झालं असेल, तर आजच दुरुस्त करून घ्या. त्याच्या जागी लहानग्यांना ओरडायला लावू नका. त्यांना कधीतरी ताप येणारच.