जगातले धर्म, सातवी ब

"शरमाओ मत, नौशीन. घर पे जैसे करती हो, वैसे ही," असं म्हणत कुमुदिनीने पाण्याचा तांब्या मुलीपुढे धरला.

नौशीन जागची हलली नाही. नमाजाआधी हातपाय धुतात, त्याला वजू म्हणतात, एवढं तिने बसल्या जागेवरून सांगितलं होतं. तेवढ्यावर भागलंही असतं. पण फरीदाबादच्या या शाळेत 'जगातले धर्म' हा धडा कुमुदिनी वर्षानुवर्षं शिकवत आली होती, आणि नुसतं पुस्तक वाचून धर्म कळत नाही, मुलांनी तो एकमेकांकडून पाहावा, असं तिचं ठाम मत होतं. आदल्याच आठवड्यात नुकतीच मुंज झालेल्या साकेतने वर्गापुढे आचमन करून दाखवलं होतं.

शेवटी मुलगी उठली. बादलीवर वाकून तिने हात धुतले, चूळ भरली, नाकात पाणी घेतलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं आणि विरलं. ओले हात केसांवरून फिरवताना तिचा चेहरा इतका शांत झाला, की कुमुदिनीने न राहवून फोन काढला. दर आठवड्याप्रमाणे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर गेला.

संध्याकाळी ती मेथी निवडत असताना शेजारणीने तोच व्हिडिओ तिला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'देखिए, आपके बच्चों को स्कूल में क्या सिखाया जा रहा है.' त्याखाली शाळेचं नाव. आणि नौशीनचा चेहरा तर सगळ्यांना दिसतच होता.

साकेतची आई अश्लेषा पुण्याची. तिचा लगेच फोन आला. "मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही हो, ताई."

"मग ग्रुपवर एवढं लिही ना, की साकेतनेही आचमन करून दाखवलं होतं."

"तिथे कोण ऐकून घेतंय, ताई? साकेतला उगाच मध्ये नको."

रात्री जेवताना तिचा नवरा मुरलीधर म्हणाला, "सॉरी म्हण आणि मोकळी हो यार."

"कशाबद्दल म्हणू?"

"ते कोणी विचारत नसतं गं." त्याने आमटी वाढून घेतली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त घरात शांतता हवी होती.

प्राचार्या विजयालक्ष्मीही वाईट नव्हत्या. व्हिडिओ पाहून दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर जमलेल्या लोकांना त्या स्वतः सामोऱ्या गेल्या होत्या. पण नंतर कुमुदिनीला बोलावून त्यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं, की संस्थेचा निरोप आहे, पालकांसमोर माफी मागा, नाहीतर राजीनामा द्या.

शनिवारी सभागृह भरलं. कुमुदिनीने माइक हातात घेतला. "मुझसे ग़लती हुई," ती म्हणाली.

"ज़ोर से!" मागून कोणीतरी ओरडलं.

आयुष्यभर तिने मुलांना जोरात वाचायला सांगितलं होतं. ती जोरात म्हणाली, "मुझसे ग़लती हुई."

खुर्च्या सरकल्या, लोक उठले. शेवटच्या रांगेत नौशीनचे वडील बसलेले तिला दिसले होते. तिने माइक ठेवेपर्यंत ती खुर्ची रिकामी झाली होती.

सोमवारी नौशीन आली नाही. मंगळवारीही नाही. मुलीच्या वडिलांनी शाळा सोडल्याचा दाखला, टीसी, मागितल्याचं ऑफिसातून कळलं, तेव्हा कुमुदिनी शाळा सुटल्यावर रिक्षा करून त्यांच्याकडे गेली. खाली मोटर दुरुस्तीचं दुकान, वर घर. त्यांनी हात पुसून तिला वर नेलं, पंखा लावला, चहा सांगितला.

"टीसी मत निकालिए, भाईसाब. मैं हूँ ना स्कूल में," ती म्हणाली.

ते खाली पाहत होते. आवाज अजिबात चढला नाही. "मॅडम, आपसे कोई शिकायत नहीं. नौकरी सबकी होती है. पर उस दिन से बेटी एक ही बात पूछती है. मॅडम ने माफ़ी माँगी, तो ग़लत काम तो मैंने किया ना? क्या बोलूँ उसको?"

कुमुदिनीने कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. मुलीला उठवलं तिने, व्हिडिओ काढला तिने, पाठवला तिने. आणि नोकरीसाठी मागितलेली माफी तिने या पोरीच्या नावावर टाकली होती. ते शब्द आता परत घ्यायचे, तर कुठल्या सभागृहात?

पडदा सरकवून नौशीन बाहेर आली. "गुड ईव्हनिंग, मॅम." सवयीने ती सरळ उभी राहिली. "क्लास में अब कौन-सा धर्म चल रहा है?"

"यहूदी," कुमुदिनी म्हणाली.

"अच्छा," मुलगी म्हणाली. तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण वडिलांकडे पाहून ती आत गेली.

वडील रस्त्यापर्यंत पोचवायला आले. रिक्षावाल्याला त्यांनीच पत्ता सांगितला, नमस्कार केला आणि दुकानात परतले.

दुसऱ्या दिवशी कुमुदिनी सातवी ब वर गेली. "पुस्तक बंद करो," ती म्हणाली. "धर्म वाला चॅप्टर हटा दिया है. एग्ज़ाम में नहीं आएगा."

क्षणभर वर्गाला खरं वाटेना. मग एकच जल्लोष झाला. कोणी बाक बडवले, कोणी टाळ्या दिल्या, साकेत तर उठून नाचला. कुमुदिनीने कोणालाही गप्प केलं नाही. हातात खडू धरून ती आवाज खाली बसण्याची वाट पाहत राहिली, आणि मग फळ्याकडे वळून तिने पुढच्या धड्याचं नाव लिहिलं: वायुदाब.