चतुःसीमेतलं गाऱ्हाणं

कोळंबी सोलून सोलून माझी बोटं इतकी सोलवटलेली की भाकरी थापतानाही झोंबायची. तरी कंपनीची गाडी आम्हा बायकांना न्यायला फाट्यावर आली नसती तर मी संपलेच असते, खोटं कशाला बोलू? आमचे हे मुंबईत वॉचमन, त्यांचं तिथलं तिथंच सरतं. लेक सानवी रत्नागिरीत नर्सिंगला. ती शिकत होती ती माझ्या या बोटांवर.

टेबलापलीकडे माझ्यासमोर येसूबाई उभी असायची, खाडीपलीकडच्या गावची. नवरा वारलेला, मुलगी दहावीला. आम्ही दोघी एकमेकींच्या डब्यात जेवायचो.

मग अमेरिकेने आपल्या कोळंबीवर भला मोठा कर बसवला. आमचा सगळा माल तिकडेच जायचा. सुपरवायझर रितेश म्हणाला, "बायांनो, माल उचलत नाहीत ते. आता दोन गावांतल्या एकाच गाडीला काम. कुठली, ते शेट ठरवतील."

"मेल्या, शेटच्या बंगल्यावर मजला चढतोय, नि घरी कोणी बसायचं? आम्हीच?" मी भडकले.

आमच्याकडे काही अडलं की गुरव देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो नि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आम्ही बायकांनी महिपत गुरवाला गाठलं. म्हटलं, "काका, त्या अमेरिकेच्या सरकारला बुद्धी दे म्हणून सांगा देवाला."

काका उखडले. "अगो, देवाची सत्ता गावच्या चतुःसीमेत. अमेरिका काय मिऱ्याच्या डोंगरावर बसल्येय? गावापुरतं मागा."

मग त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या हद्दीतल्या लेकींची गाडी चालती ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. येसूबाई तेव्हा माझ्या मनातसुद्धा आली नाही.

सोमवारी गाडी आली. मला आनंद मावेना. गाडीतूनच सानवीला फोन केला, "शिक गो बिनधास्त!" कंपनीत गेले तर टेबलाची पलीकडची बाजू रिकामी. रितेश म्हणाला, खाडीपलीकडची गाडी लांब पडते, तीच बंद केली. त्या दिवशी माझा डबा तसाच परत आला.

पुढे शनिवारच्या बाजारात येसूबाई दिसली. लाल माठाच्या जुड्या मांडून बसली होती. मला बघून "गोदा गो!" म्हणत हसली.

"पोर काय करते?" मी विचारलं.

"शाळा सुटली गो तिची. बुरोंडीला मावशीकडे पाठवली, मासळी सुकवायला."

मला राहवेना. "येसूबाय, आम्ही गाऱ्हाणं घातलं होतं. फक्त आमच्या गाडीसाठी."

"आम्हीपण घातलं की! आमचा गुरवही तसाच, म्हणे हद्दीपलीकडचं चालत नाय. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, माझ्या गोदाचं नाव घ्याच. तिची पोर शिकत्येय."

भर बाजारात मी तिच्या जुड्यांशेजारी बसले नि ढसाढसा रडले. लोक बघत होते, बघोत मेले. येसूबाई माझी पाठ चोळत राहिली.

"अगो, रडतेस काय वेड्यासारखी? तुझ्यापुरतं तरी ऐकलंन ना देवाने!"