जाळरेषा

गळ्यातल्या हिरव्या दोरीचं कार्ड पुन्हा उलटं झालं होतं. पारुबाईनं ते अंगठ्यानं सरळ केलं, तसं त्यावरचं ऊन तिच्या डोळ्यांत चमकलं. अक्षरं तिला येत नव्हती, पण सकाळी दिपानं वाचून दाखवलं होतं — पारुबाई, जंगल जाणकार. जाणकार! डोंगरावर मोह कुठं उभे होते, धावडा कुठल्या उताराला दाट होता, झरा कोणत्या खडकाखालून निघायचा, हे आता तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला वर आणलं होतं... ठाऊक असणारच. मोळ्या बांधबांधून ज्या बायकांनी हा डोंगर डोक्यावरून खाली उतरवला, त्यांतली ती एक.

"याडी, सावलीत बस ना," दिपा लांबून म्हणाली.

याडी म्हणजे आई. पण दिपा तिच्या पोटची नव्हती; जावेची, नानीबाईची लेक. नानीबाई गेली तेव्हा दिपा दोन वर्षांची होती. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. पारुबाईच्या हातावर वाढली, हिंगोलीला शिकली, आणि गेली तीन वर्षं गावोगाव पायपीट करून डोंगराच्या दोन्ही अंगांची चार गावं, दोन हिंगोलीकडची, दोन वाशीमकडची, तिनं एका समितीत ओढत आणली होती. रोपवाटिका एक, राखण एक, गुरं कुठं सोडायची आणि कुठं नाही हेही चौघांनी मिळून ठरवायचं. आज खिंडीत सह्या व्हायच्या होत्या. आपला तांडा आणि पलीकडचं धावडगाव एका सतरंजीवर बसलेलं पारुबाई अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होती. मधे हातभर सतरंजी मात्र रिकामीच होती.

आणि मग धूर आला.

काही नव्हतं, वनरक्षक जाळरेषा काढून दाखवत होता. वणवा पुढं सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवायचा. चार माणसं हिरवे डहाळे घेऊन दोन्ही बाजूंना उभी, आग शहाण्यासारखी रेघेतून चाललेली. पण धुराला कुठं ठाऊक असतं तो कशाचा आहे ते... त्याचा वास तोच, ओलसर पानांचा, गोडसर, आणि त्या वासातून नेहमीसारखा तो आवाज — पारू, थांब, वारा बसू दे.

नानी एवढंच म्हणाली होती आणि कळशी घेऊन झऱ्याकडं चढून गेली होती. चैत्राची पहाट. मोहाखाली पाचोळ्याचा थर. तो जाळला की जमीन साफ होते आणि टपटपणारी फुलं वेचायला सोपी जातात, सगळ्याच बाया जाळायच्या. पारूला घाई होती. उजाडलं की पलीकडच्या बाया येतील, फुलं नेतील. तिनं काडी ओढली. वारा बसला नव्हता... आग आधी मांजरासारखी पायाशी घोटाळली आणि मग एकदम चढाला लागली, वर, झऱ्याकडं, आणि पारू पळाली. खाली. हाक न मारता. पुढं कितीदा तरी तिनं स्वतःला समजावलं की नानीनं धूर पाहिलाच असेल, हाक पोचलीच नसती. पण तिला पक्कं ठाऊक होतं की हाक घशापर्यंत आली होती आणि आग कुणी लावली हे त्या हाकेनं साऱ्या डोंगराला कळलं असतं, म्हणून तिनं ती गिळली.

संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, नव्या गवतासाठी धावडगावच्या शेळीवाल्यानं पेटवलं. जमीलच्या शेळ्या त्या अंगाला दिसल्या होत्या. तांड्यातल्या माणसांनी पारूला विचारलं, तू पाहिलंस का त्याला? आणि तिनं होय म्हणून मान हलवली. एकदाच. त्या रात्री त्यांनी जमीलला शेतात गाठलं...

जमील समोरच बसला होता. दाढी पांढरी, डावा हात कोपरात वाकलेला; तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. धावडगावातर्फे सही त्याची होती. दिपानं कागद पुढं केला, पण त्यानं पेन घेतलं नाही.

"सही करतो, बेटा. जंगल आमालाबी पायजे. पण यात एक ओळ लिहा. ती आग आमच्या गावानं लावली न्हाई."

सतरंजीवर कुजबुज उठली. तांड्याचा म्हातारा रामप्रसाद गुडघ्यावर हात टेकून उठायलाच लागला. "मंग कोनं लावली? जुनं काहून उकरून राहिला?"

दिपाच्या आईच्या मरणाबद्दल चाललं होतं आणि तिला बाजू न घेता बोलायचं होतं. "चाचा..." ती म्हणाली आणि पुढं केलेला कागद मागं घेतला. पारुबाईला दिसलं, तीन वर्षांची पायपीट आता इथंच, या हातभर रिकाम्या जागेत पडून फुटणार.

ती उभी राहिली. "ती आग आमी लावली."

धुराचा एक पदर सतरंजीवरून सरकत गेला. आता, तिला वाटलं, आता डोंगर अंगावर येईल...

"वा!" हिंगोलीहून आलेले साहेब म्हणाले. "बघा, याला म्हणतात मोठेपणा. खरंय मावशींचं. आपण सगळ्यांनीच वणवे लावले, दोन्ही अंगांनी लावले. तसंच लिहू." आणि त्यांनी लिहिलं. रामप्रसाद पुटपुटत खाली बसला. "व्हय, तेबी खरंच हाय," कुणीतरी म्हणालं. दिपानं डोळे पुसत तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत केवढा अभिमान होता! पारुबाईला तो चटका बसल्यासारखा लागला. आमी. तांड्यात एकट्या माणसालाही आमीच म्हणतात, आमी जेवलो, आमी निघालो... तिला एकटीपुरतंच म्हणायचं होतं, का त्या शब्दाच्या आडोशाला तिनं मुद्दामच पाय ठेवला होता? तिचं तिलाच सांगता येईना.

जमीलनं सही केली. उजव्या हातानं, सावकाश, आणि सही करताना कागदाकडं पाहिलं नाही.

मग माणसं चहाला पांगली. जाळरेषा विझून काळी झाली होती, पलीकडची रोपं हिरवीच होती. पारुबाई दगडावर बसली. पावलं वाजली, तरी तिनं मान वर केली नाही.

"बाई," जमील हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यानंच तिला भीती वाटली. "आमी म्हंजे किती जनं?"

अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून ती जगली होती. विहिरीवर, लग्नात, दिपाला वेणी घालताना. आणि आता तो आला तर आत काहीतरी सैल होत गेलं, जखडलेल्या मोळीची गाठ सुटावी तसं, आणि सुटलेलं लाकूड अंगावर पडणार हेही तिला दिसत होतं.

पलीकडून दिपा दोन पेले घेऊन येत होती. एरवी नानी जिथं गेली त्या या उतारावर दिपा दिसली की पारुबाई काहीतरी काम काढून तिला माघारी धाडायची. आज जमीलनंच मान वळवून तिकडं पाहिलं आणि तो जायला निघाला.

"थांबा, जमीलभाई," पारुबाई म्हणाली. आणि दिपा जवळ येईपर्यंत तिनं डोळे तिच्यावरून काढले नाहीत.